'द मिरॅकल वर्कर' बघायच्या आधी पाच अक्षरं हाताने शिकून घ्या

सगळ्यात आधी बघून घ्या की लावताय तो पिक्चर १९६२ चाच आहे. दिग्दर्शक आर्थर पेन, टीचर ॲनी सलिव्हन म्हणजे ॲन बॅन्क्रॉफ्ट आणि छोटी, डोळ्यांनी न दिसणारी आणि कानांनी ऐकू न येणारी हेलन केलर म्हणजे पॅटी ड्यूक, दोघींनाही ऑस्कर मिळालं. १९७९ ला टीव्हीसाठी परत केला त्यात हीच पॅटी ड्यूक मोठी होऊन टीचर झालीये, त्यामुळे नुसती नावं वाचून हमखास घोळ होतो. ब्लॅक अँड व्हाईट आहे आणि पावणेदोन तासांचा आहे, मग बरोबर. आणि हिंदी पिक्चर 'ब्लॅक' बघितलाय, गोष्ट माहितीये म्हणून हा सोडू नका प्लीज, दोन्हीची जात वेगळी आहे.

आता मेन तयारी. पिक्चरमध्ये ॲनी हेलनच्या तळहातावर बोटांनी स्पेलिंग करत राहते, आणि आपण सवयीने बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. म्हणून पोरांना 'वॉटर' ची पाच अक्षरं आधीच शिकवा, दहा मिनिटं पुरतात. डब्ल्यू: मधली तीन बोटं वर पसरलेली, करंगळी अंगठ्याने दाबून धरायची. ए: मूठ, अंगठा बाजूला टेकलेला. टी: मूठच, पण अंगठा पहिल्या दोन बोटांच्या मधे खुपसायचा. ई: चारही बोटं वाकवून खाली, अंगठा त्यांच्या खाली आडवा. आर: पहिली दोन बोटं एकमेकांवर चढवायची, खोटं बोलताना पोरं करतात तशी. ही अमेरिकन एका हाताची पद्धत आहे बरं का, आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत अक्षरं दोन हातांनी काढतात, तिथे ही चालणार नाहीत.

मग एकाने डोळे मिटायचे आणि दुसऱ्याने त्याच्या हातात ही पाच अक्षरं काढायची, काय शब्द आहे ते अजिबात सांगायचं नाही. आमच्याकडे भाचीवर हा प्रयोग केला. तिसऱ्या वेळेला तिने सगळ्या खुणा जशाच्या तशा माझ्या हातात परत केल्या, म्हटलं काय लिहिलं मी, तर म्हणे मला काय माहीत, तू केलंस ते मी केलं. बास, एवढंच पाहिजे होतं! जवळजवळ अख्खा पिक्चर हेलन इथेच अडकलेली आहे. बाहुली, केक, सगळ्याची स्पेलिंग तिची बोटं पटापट करतात पण या खुणा म्हणजे वस्तूचं नाव आहे हे तिच्या डोक्यातच नाही, वस्तूला नाव असतं हेच मुळात माहीत नाही.

बघताना सबटायटल लावा, पण जेवणाच्या सीनला तशीही गरज लागत नाही. हेलन टेबलाभोवती फिरत सगळ्यांच्या ताटातलं हाताने उचलून खाते आणि घरच्यांना त्याचं काहीच वाटत नाही, ॲनी सगळ्यांना बाहेर काढून दार लावते आणि मग आठ-नऊ मिनिटं जवळपास बिनसंवादाची मारामारी. चमचा फेकला की दुसरा चमचा हातात, तोही फेकला की तिसरा. इथे पॉज करू नका, पाणी प्यायलाही उठू नका. लहान पोरं असतील तर आधी सांगून ठेवा की यात थोबाडीत मारलेली दाखवलीये, आणि माझं स्पष्ट मत, ती बघून कोणी शिकवायची पद्धत म्हणून उचलू नये. बघण्यासारखं आहे ते ॲनीचं न थकणं. आणि किल्लीवर लक्ष ठेवा. सुरुवातीला हेलन ॲनीला खोलीत कोंडून किल्ली लपवते, मग शिडी लावून हेलनचे वडील कॅप्टन केलर ॲनीला खांद्यावर टाकून खाली आणतात, जाम हसू येतं, पण किल्ल्या शेवटी परत येतात.

शेवटी पाण्याच्या पंपापाशी, जिथे हेलनला कळतं की या खुणा म्हणजे पाण्याचं नाव, तिथे आलात की पोरांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघा. भाचीचा हात आपोआप चालू झाला होता, डब्ल्यू, ए, टी...

नंतर "हे खरंच झालेलं का?" विचारतातच. हो, अमेरिकेत अलाबामामधल्या टस्कंबियाला, ५ एप्रिल १८८७, ॲनीला येऊन महिना होऊन गेलेला, हेलन सहा वर्षांची. मात्र पिक्चरमध्ये जेवणाच्या टेबलावर हेलनने पाण्याचा जग उलटवल्यामुळे ॲनी तिला पंपाकडे ओढत नेते, खऱ्या गोष्टीत त्या दिवशी भांडण 'मग' (पाणी प्यायचा) आणि 'वॉटर' या दोन शब्दांवरून होतं, हेलनला दोन्ही एकच वाटायचं. त्याच चिडचिडीत तिने नवी बाहुली जमिनीवर आपटून फोडली होती आणि तिला जराही वाईट वाटलं नव्हतं. पंपावरून परत आल्यावर मात्र चाचपडत जाऊन तिने ते तुकडे उचलले, जोडायला बघितले, जुळेनात, आणि ती रडली. हे तिने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. पिक्चरमध्ये नाहीये, त्यामुळे तेवढं तुम्ही तोंडी सांगा.