दगा देतात ते ओळखीचे शब्द

एम.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा मला सगळी धास्ती अवघड शब्दांची होती. बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे शेक्सपिअर वाचायचा तर कोश उशाशी ठेवूनच, असं मनाशी ठरवलं होतं. पण अवघड शब्दांनी मला कधी फसवलं नाही; ते अडले की मी कोश उघडायचे. फसवलं ते ज्यांच्यासाठी कोश उघडावासाही वाटत नाही, अशा शब्दांनी. यंदा इंग्रजी घेणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते आहे.

पहिल्याच सत्रात ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकातला चौथा प्रवेश वर्गात समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली. वडिलांचं भूत हात करून बोलावतंय, हॅम्लेट त्याच्यामागे निघालाय आणि होरेशिओ नि मार्सेलस त्याला धरून ठेवतायत. तो ओरडतो, ‘आय’ल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी!’ ‘लेट’ म्हणजे करू देणे, हे पाचवीपासून पाठ. मी सांगितलं, ‘जो मला जाऊ देईल त्याला मी ठार करीन.’ मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘जाऊ देणाऱ्याला कशाला मारेल?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मॅडमनी ते उलगडून दाखवलं. जुन्या इंग्रजीत दोन निराळी क्रियापदं होती. एकाचा अर्थ मुभा देणे, दुसऱ्याचा अडवणे. उच्चार झिजत दोन्ही ‘लेट’ झाली आणि पुढे अडवणारं ‘लेट’ रोजच्या बोलण्यातून गेलं. पण पुरतं गेलेलं नाही. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला चाटून पलीकडे नीट पडली की ‘लेट’ पुकारतात, ते हेच. आणि घरात पासपोर्ट असेल तर काढून बघा. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ असं छापलेलं आहे, म्हणजे कुठलीही आडकाठी न करता. त्या संध्याकाळी मी बाबांचा पासपोर्ट काढून ती ओळ बोट ठेवून वाचली होती.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. वाक्याचा अर्थ उलटा लागला किंवा त्या पात्राच्या तोंडी शोभेना, तर त्यातल्या सगळ्यात साध्या शब्दावर आधी संशय घ्यायचा.

‘किंग लिअर’मध्ये वेड्याचं सोंग घेतलेला एडगर म्हणतो की उंदीर, घुशी आणि असलेच ‘स्मॉल डिअर’ खाऊन आपण सात वर्षं काढली. उंदीर हरणांत कसे मोजले? इथे मला आपली भाषा कामी आली. मृग म्हणजे हरीण, मग सिंहाला मृगराज का म्हणायचं? शिकारीला मृगया का? वानराला शाखामृग का? कारण संस्कृतात मृग म्हणजे मुळात रानातलं कुठलंही जनावर. हरीण हा अर्थ नंतर घट्ट झाला. ‘डिअर’चंही तसंच. जुन्या इंग्रजीत तो जनावराला वापरायचा शब्द होता, आणि त्याचा जर्मन भाऊबंद ‘टिअर’ आजही जनावर याच अर्थाने चालतो. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच वाटेने गेल्या. हे कळलं त्या दिवशी मी वाचनालयातून उठूच शकले नाही.

म्हणून सांगते, मराठी माध्यमातून आलात याचं ओझं बाळगू नका. शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण आणि आपल्याकडे दंड, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ‘सिली’ म्हणजे एके काळी धन्य, पुण्यवान, हे पचवायला जड जात नाही. ‘मीट’ म्हणजे नुसतं अन्न. 1611 च्या इंग्रजी बायबलात पहिल्याच अध्यायात देव माणसाला झाडपाला आणि फळं ‘मीट’ म्हणून देतो. ‘नॉटी’ म्हणजे दुष्ट. ‘गर्ल’ म्हणजे मुलगा किंवा मुलगी, कुणीही.

पण अशा याद्या पाठ करत बसू नका. मी केल्या होत्या, आणि त्यांनीच पुढे घोळ झाला. ‘नाइस’ म्हणजे अडाणी, मूर्ख, एवढंच लिहून ठेवलं होतं. मग प्रत्येक जुन्या पानावर तोच अर्थ बसवत गेले. त्या शब्दाने वाटेत चोखंदळ, नाजूक, काटेकोर असे कितीतरी अर्थ पालटले. तुमच्या पानावर कुठला, ते त्या पानाचं साल ठरवतं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी त्यासाठीच आहे. तिचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि काम पुरं व्हायला 1928 उजाडलं. प्रत्येक अर्थाखाली त्या त्या काळातली वाक्यं सालवार दिलेली असतात आणि मेलेल्या अर्थाआधी कट्यारीचं चिन्ह असतं. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी पडते, तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा. सॅम्युअल जॉन्सनचा 1755 चा इंग्रजी कोश मात्र ऑनलाइन फुकट बघता येतो. आणि नाटक वाचताना तळटीपा असलेलीच प्रत घ्या. स्वस्त मिळते म्हणून नुसती संहिता घेऊ नका.

पुढे भाषांतराच्या कामात हेच उपयोगी पडलं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अहवालात ‘वॉन्ट ऑफ वॉटर’ दिसलं की नवा भाषांतरकार ‘पाण्याची गरज’ लिहून मोकळा होतो. तिथे असतो तुटवडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपण मराठीसाठी उघडतो, पण त्याच्या आवृत्त्या 1831 आणि 1857 च्या, म्हणजे त्यातलं इंग्रजीही त्याच काळातलं आहे. ते आजच्या कानाने वाचलंत तर मराठी शब्दाचाच अर्थ हुकेल.

एक सरावासाठी देते. भुताची बातमी कळल्यावर हॅम्लेट म्हणतो, ‘आय डाउट सम फाउल प्ले.’ आजच्या इंग्रजीने वाचलं तर, काही काळंबेरं असेल असं त्याला वाटत नाही. खरा अर्थ बरोबर उलटा आहे, आणि तो मराठीत जसाच्या तसा उतरतो: मला काहीतरी दगाफटक्याचा संशय येतोय.