जुन्या गाडीच्या सनरूफला घरी बनवलेलं पारदर्शक झाकण

नव्वदच्या दशकात झेन, एस्टीमसारख्या गाड्यांना बाहेरून सनरूफ बसवून घ्यायची हौस अनेकांनी केली. टपाचा पत्रा कापायचा, त्यात चौकट बसवायची आणि वर काचेचं झाकण. पुढे दोन बिजागऱ्या, मागे मधोमध एक हँडल. ते वर ढकललं की झाकण तिरकं उघडतं. त्यातल्या काही गाड्या अजून धावतात, पण झाकणाची काच फुटली की पंचाईत होते. तसा जुना माल सहजी मिळत नाही. टफन्ड काच आधी कापून, भोकं पाडून मगच भट्टीत घालावी लागते, त्यामुळे एका गाडीपुरती गोलाई दिलेली काच करून द्यायला कारखानेही तयार नसतात. मग लोक भोकावर पत्रा मारतात आणि एम-सील फासून विषय संपवतात.

त्याऐवजी पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक पण सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकचं, झाकण घरी करता येतं. मात्र टपाला भोक आधीपासूनच असेल तरच या कामाला हात घाला. चांगला टप नव्याने कापू नका. टपाचा पत्रा आणि त्याखालच्या पट्ट्या गाडीला ताकद देतात. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत आणि आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असे बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हे ठणकावून सांगितलं आहे. पंधरा वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यायची असेल, तर हे झाकण चालेल का ते तिथे आधीच विचारून घ्या.

शीट कोणती

साइनबोर्डवाल्याकडे स्वस्तात मिळणारे तुकडे बहुधा अ‍ॅक्रिलिकचे असतात. ते दिसतात छान, पण खड्ड्यात आदळून तडकतात. दुकानातच एक निरुपयोगी कातरण मागा आणि दोन्ही हातांनी वाकवा. अ‍ॅक्रिलिक कट्कन तुटेल, पॉलिकार्बोनेट दुमडेल पण तुटणार नाही. शेडवर टाकतात ती आतून पोकळ, रेघारेघांची शीट नको. भरीव, 4 मिमी जाडीची आणि एका बाजूला यूव्ही थर (उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा) असलेली घ्या. यूव्ही थराची बाजू शीटवर चिकटवलेल्या संरक्षक फिल्मवर छापलेली असते आणि तीच उन्हाकडे ठेवायची. हा थर नसेल तर काही वर्षांत शीट पिवळी पडते. फिल्म काढण्याआधी त्या बाजूला मार्करने मोठी खूण करा, नंतर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

रंग पाणीपारदर्शक घ्यायचा मोह आवरा. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात डोक्यावर ते झाकण घेऊन बसून बघा म्हणजे कळेल. राखाडी किंवा ब्रॉन्झ शेड बरी. साध्या शीटवर नंतर सनफिल्म लावू म्हणाल, तर पॉलिकार्बोनेटमधून निघणाऱ्या वाफेमुळे फिल्मखाली बुडबुडे येतात.

दोन गोष्टी आधी समजून घ्या

काचेच्या तुलनेत पॉलिकार्बोनेट साधारण तीस पट लवचीक असतं. 5 मिमी काचेइतका ताठपणा हवा असेल तर शीट 15 मिमी जाड घ्यावी लागेल, म्हणजे ते शक्यच नाही. जुन्या काचेला भोकं पाडून थेट बिजागऱ्या लावल्या होत्या म्हणून शीटलाही तसंच करू गेलात, तर हायवेवर कडा वर उचलल्या जातील. ताशी 100 किमी वेगाला 80 बाय 40 सेंमीच्या झाकणावर वरच्या दिशेने सुमारे 15 किलोचा ओढा येऊ शकतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. पहाटेचा गारवा आणि दुपारी तापलेला टप यांत 50 अंशांचा फरक धरला, तर 80 सेंमीची शीट जवळपास पावणेतीन मिमी वाढते. पोलाद तेवढ्यात अर्धा मिमीही धड वाढत नाही. शीट घट्ट आवळून टाकली की ती कुठेतरी फुगते, नाहीतर बोल्टच्या भोकापासून तडकते.

म्हणून ताकदीचं काम खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला द्यायचं. बिजागऱ्या आणि हँडल चौकटीला, आणि शीट तिच्यावर हलायला थोडी मोकळी.

फर्मा आणि चौकट

जुनं झाकण शाबूत असेल तर ते हार्डबोर्डवर ठेवून आखून घ्या. नसेल तर भोकावरच्या रबराच्या बाहेरच्या कडेवरून पुठ्ठ्याचा फर्मा काढा आणि टपावर ठेवून कात्रीने जुळवा. कोपरे गोलच हवेत.

आता टपाची गोलाई. एक सरळ पट्टी डावी-उजवीकडे टपावर टेकवा आणि दोन्ही टोकांना किती फट राहते ते मोजा. 80 सेंमीला 15 मिमी फट म्हणजे त्रिज्या सव्वापाच मीटरच्या आसपास. 4 मिमीची शीट साठ सेंमी त्रिज्येपर्यंत थंडच वाकवता येते, त्यामुळे हीट गन बाजूला ठेवा. गरम करून वाकवायची तर शीट आधी कित्येक तास ओव्हनमध्ये सुकवावी लागते, नाहीतर आत बुडबुडे उठतात. टप पुढे-मागेही थोडा गोल असतो, पण शीट एकाच दिशेने वाकते. कोपऱ्यांत राहणारी दोन-तीन मिमीची फट रबर भरून काढेल.

चौकटीसाठी 25 बाय 6 मिमीची अ‍ॅल्युमिनियम पट्टी घ्या. आडव्या दोन पट्ट्यांना टपाची गोलाई देऊन चारही कोपरे फॅब्रिकेटरकडून वेल्ड करून घ्या. चौकट रबराच्या आत, भोकात उतरेल अशी हवी आणि शीट तिच्याबाहेर चारही बाजूंनी रबरावर टेकेल अशी. शीट आणि चौकट मिळून वजन अडीच किलोच्या आत बसतं. याच मापाची 5 मिमी काच चार किलोची होते.

बिजागऱ्यांची उंची इथे बदलते, आणि पाणी गळतं ते बहुधा याच चुकीमुळे. चौकट बिजागऱ्यांवर तात्पुरती बसवा, वर शीट किंवा त्याच जाडीचा फर्मा 3 मिमीच्या (पुढे मध्ये येणाऱ्या सिलिकॉनइतक्या जाड) पट्ट्यांवर ठेवा, रबरावर चारही बाजूंना कणकेच्या छोट्या गोळ्या ठेवा आणि झाकण बंद करा. उघडल्यावर चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी मोजा. रबर निम्म्याच्या आसपास दबायला हवं. एका कोपऱ्यात कणीक जाड राहिली तर तिथली बिजागरी वॉशर घालून किंवा काढून जुळवा. रबर कडक झालं असेल तर ईपीडीएमचं (ऊन-पाणी सोसणारं रबर) नवं लावा. स्वस्त पीव्हीसी बिडिंग नको, त्यातलं तेलकट द्रव्य पॉलिकार्बोनेटला तडे पाडतं.

कापणं आणि जोडणं

फिल्म न काढता जिगसॉने कापा, बारीक दात्यांचं पातं लावून आणि शीट टेबलाला दोन्हीकडे घट्ट क्लॅम्प करून. शीट थरथरली की कडेला खाचा पडतात आणि पुढे तडे तिथूनच सुरू होतात. कड कानशीने सरळ करा, मग 220, 400 आणि 600 चा पॉलिश पेपर. बोट फिरवल्यावर कुठेही अडकायला नको.

सहा एम5 (5 मिमी जाडीचे) बोल्ट पुरेत. शीटमधलं भोक 8 मिमीचं ठेवा, म्हणजे वाढीला जागा राहते. कडेपासून निदान 16 मिमी आत, आणि खाली लाकूड धरून हळू ड्रिल करा. काउंटरसंक (शंकूसारखं डोकं आत रुतणारे) स्क्रू वापरू नका, पाचर ठोकल्यासारखं ते शीट फाडतात. चपट्या डोक्याचे स्टेनलेस बोल्ट, खाली रुंद ईपीडीएम वॉशर, आणि मागून नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट. नट सैल होऊ नये म्हणून थ्रेडलॉकर टाकायची सवय असेल तर इथे मोडा. तो पॉलिकार्बोनेटला तडे पाडतो.

चौकट आणि वॉशर टेकतात तिथली फिल्म आधी सोला, मग चौकट आणि शीट यांच्यामध्ये काळ्या न्यूट्रल सिलिकॉनची 3 मिमी जाडीची सलग रेघ द्या. नेहमीच्या, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनने काम बिघडतं. कोणतंही सिलिकॉन आधी एका वाकवून बांधलेल्या कातरणीला लावून दोन दिवस ठेवा आणि मग उजेडात धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती ट्यूब दुसऱ्या कामाला. जाडी एकसारखी राहावी म्हणून मध्ये 3 मिमी रबराचे तुकडे ठेवा, शीट दाबून बोल्ट लावा, आणि वॉशर बोटाने फिरेनासा झाला की थांबा. एक दिवस हात लावू नका. मग दोन्हीकडची उरलेली फिल्म काढा. उन्हात राहिली तर ती पुढे सुटता सुटत नाही.

रस्त्यावर नेण्याआधी

आत बसून मागच्या कडेला दोन्ही हातांनी जोर लावून वर ढकला. काही करकरलं तर गाडी बाहेर काढायची नाही. चौकटीपासून गाडीच्या आतल्या पट्टीला एक पातळ स्टीलची तार बांधून ठेवा. हँडल तुटलंच तर झाकण एक्सप्रेसवेवर मागच्या गाडीवर जाऊन पडायला नको. नंतर नळीने पाणी मारा, आत रबराखाली वर्तमानपत्र लावून. ओला डाग नेमकी जागा दाखवतो. काही चौकटींच्या कोपऱ्यांत पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या असतात, त्या तुंबल्या असतील तर दोष झाकणाचा नव्हे. पहिले शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट तपासा.

आणि सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसायला येणारे काका असतील तर त्यांना सांगून ठेवा: झाकणावर कोरडं फडकं नको, काच साफ करायचा निळा स्प्रे नको, थिनर-पेट्रोल तर नकोच. आधी भरपूर पाणी, मग साबणाचं पाणी आणि मऊ कापड.