सुपरकंडक्टरमधला स्पिन: या चुका टाळा

पाऊस लागला की एखादं तरी पोरगं आलेख घेऊन माझ्या दारात उभं राहतं. “सर, वायबीसीओमध्ये तांब्याचे स्पिन सापडले!” वायबीसीओ म्हणजे इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा अतिसंवाहक (सुपरकंडक्टर), थंड केल्यावर विजेला रोध न करणारा पदार्थ; आणि स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं इवलंसं चुंबकत्व. डोळ्यांत चमक, हातात पेपरचा मसुदा. मी आधी एवढंच विचारतो, “गोळी कुठं ठेवली होतीस?” उत्तर बहुधा टेबलाच्या खणाचं असतं.

हसायचा अधिकार मला नाही, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. कोल्हापुरात शिकत असताना आम्ही इट्रियम, बेरियम आणि तांबं १:२:३ या प्रमाणात घेऊन गोळी भाजली. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्विनला, चुंबक तिच्यावर तरंगला आणि आम्ही चहा सांगितला. मग गोळी बटर पेपरात गुंडाळून खणात टाकली, कारण ईएसआरचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा अनुनाद मोजणारं, मशीन दुसऱ्या गावात होतं आणि नंबर लागायला तीन आठवडे होते. जुलै महिना, राजाराम बंधारा पाण्याखाली, भिंतींना ओल. अशा हवेत गुळाची ढेपसुद्धा कुणी उघडी ठेवत नाही. आम्ही वायबीसीओ ठेवलं!

मशीनवर २.१ च्या आसपासच्या ‘जी’ला (सिग्नलची जागा सांगणारा आकडा) भलामोठा सिग्नल आला. आम्ही रात्रभर जागून मसुदा लिहिला. सकाळी तिथल्या तंत्रज्ञ काकांनी काही न बोलता गोळी नखानं खरवडली. वर पांढुरका थर, खाली हिरवट झाक.

वायबीसीओला दमट हवा सोसत नाही. पाण्याशी संयोग झाला की त्याचं बेरियम हायड्रॉक्साइड, कॉपर ऑक्साइड आणि हिरवी अवस्था, म्हणजे वाय-टू-बीए-सीयू-ओ-फाइव्ह, होते. आम्ही पाहिलेला स्पिन या हिरव्याचा होता. चांगल्या, शुद्ध वायबीसीओत तांब्याचा ईएसआर सिग्नल दिसतच नाही. नवी गोळी करून पुन्हा गेलो, तर सरळ रेघ. त्या सरळ रेघेचा आनंद आम्हाला त्या वयात कळला नाही.

“पण सर, एक्स-रे स्वच्छ आहे,” हे पुढचं वाक्य ठरलेलं. एक-दोन टक्के भेसळ एक्स-रेला सहज चुकते, ईएसआरला चुकत नाही. मी गोळी सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये (कोरड्या बंद भांड्यात) ठेवतो, आठवड्याच्या आत मोजतो आणि मोजण्याआधी खरवडतो. ही काही शास्त्रोक्त पद्धत नाही, काकांची सवय आहे.

ईएसआरवर शून्य चुंबकीय क्षेत्राजवळ येणारा जाडजूड सिग्नल हा स्पिनचा अनुनाद नव्हे. तो कणांमधल्या कच्च्या जोडांचा आणि चुंबकीय भोवऱ्यांचा. क्रांतिक तापमानाच्या, म्हणजे ज्याच्या खाली अतिसंवाहकता येते त्याच्या, वर नेऊन बघा, गायब होतो.

गोळी भाजल्यावर ऑक्सिजनमध्ये ५०० ते ४०० अंशांतून सावकाश उतरवायचा कंटाळा असेल, तर हा विषय सोडा.

स्क्विडमध्ये (बारीक चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात) ४० ते ५५ केल्विनच्या दरम्यान टेकाड दिसलं, तर नवा शोध लावण्याआधी हवा कुठून शिरली ते बघा. गोठलेला ऑक्सिजन चुंबकीय असतो.

आता तापमानाचं. ही चूक फक्त नवशिक्यांची नाही, म्हणून जरा थांबतो. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं फिरतात, ती कूपर जोडी. तिच्यातले दोन इलेक्ट्रॉन विरुद्ध स्पिनचे असतील, तर क्रांतिक तापमानाखाली नाइट शिफ्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे अणुकेंद्राच्या सिग्नलला बसणारी सरक, उतरते. स्ट्रॉन्शियम रुथेनेट १९९४ मध्ये अतिसंवाहक असल्याचं कळलं, क्रांतिक तापमान जेमतेम दीड केल्विन. १९९८ मध्ये एका जपानी गटाला एनएमआरवर (अणुकेंद्राच्या चुंबकीय अनुनादाच्या मोजणीत) त्याची शिफ्ट उतरलेली दिसली नाही. निष्कर्ष निघाला की जोडीतले स्पिन समांतर आहेत, ट्रिपलेट. वीस वर्षं तो पाठ्यपुस्तकासारखा शिकवला गेला. २०१९ मध्ये दुसऱ्या गटानं एनएमआरसाठी कमी ऊर्जेची रेडिओ स्पंदनं वापरली आणि शिफ्ट उतरली. आधीच्या जोरदार स्पंदनांनी नमुना क्षणभर तापून अतिसंवाहकतेच्या बाहेर जात होता आणि मोजली जात होती साधी धातूची अवस्था. १९९८ च्याच जपानी गटानं २०२० मध्ये स्वतः पुन्हा मोजून ही घट दाखवली. या प्रामाणिकपणाचं मला फार कौतुक वाटतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यानं स्पंदनाची ऊर्जा निम्मी करून, मग पाव करून तेच मोजून आणायचं. “सर, सिग्नल बारीक होतो, सरासरीला रात्र जाते,” अशी तक्रार येते. जाऊ दे की रात्र. थर्मामीटर तांब्याच्या होल्डरला चिकटलेला असतो, नमुन्याला नाही.