अंगणात आणि गाडीच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक कसे बसवावेत

नवी मुंबईत नेरुळमधील आमच्या रो-हाउससमोर गाडी उभी राहते त्या जागेत काही वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा कंत्राटदाराने माती वरवर सपाट करून तिच्यावर चार बोटे कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, पसरली आणि दोन दिवसांत काम उरकले. पहिल्याच पावसाळ्यात चाकांखाली दोन लांब खाचा पडल्या. ब्लॉक उचलून पाहिले, तर एकही फुटलेला नव्हता. खालची माती दबली होती. तेच ब्लॉक पुढे नीट घातलेल्या पायावर बसवले आणि ते आजही जागच्या जागी आहेत. म्हणून पुढील मजकुरात रंग आणि आकारापेक्षा ब्लॉकखालच्या थरांविषयी अधिक लिहिले आहे.

ब्लॉकची निवड

सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक आहे. त्याच्या २००६ च्या आवृत्तीत केवळ पायी वावर असलेल्या जागेसाठी ५० मिलिमीटर जाडीचा एम-३० प्रतीचा (‘एम’पुढचा आकडा जितका मोठा, तितके काँक्रीट मजबूत), मोटारी आणि दुचाकींच्या हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटरचा एम-३५ प्रतीचा आणि मध्यम वाहतुकीसाठी ८० मिलिमीटरचा एम-४० प्रतीचा ब्लॉक सुचवलेला आहे. एकट्या मोटारीसाठी ६० मिलिमीटर पुरतात; मात्र ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील अनेक सोसायट्यांप्रमाणे आवारात पाण्याचा टँकर येत असेल, तर ८० मिलिमीटरपेक्षा कमी जाडी घेऊ नये.

दुकानात सर्वांत देखणा दिसतो तो रबर मोल्डमध्ये ओतलेला चकचकीत ब्लॉक. आषाढात त्याच्यावरून घसरून पडलेला माणूस तो पुन्हा घेत नाही. उघड्या अंगणासाठी यंत्रावर दाबून केलेला, किंचित खरखरीत पृष्ठभागाचा ब्लॉकच घ्यावा. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज येतो का ते पाहावे आणि ब्लॉक पाडल्याची तारीख विचारावी, कारण काँक्रीटची ताकद साधारण २८ दिवसांच्या हिशेबाने मोजली जाते. शंका असल्यास एक नमुना घरी आणून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावा, वजन करावे, २४ तास पाण्यात बुडवून ठेवावा आणि फडक्याने पुसून पुन्हा तोलावा. मानकानुसार सरासरी शोषण ६ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. म्हणजे पावणेतीन किलोच्या ब्लॉकचे वजन साधारण १६५ ग्रॅमपेक्षा जास्त वाढले, तर तो माल नाकारलेला बरा. घरगुती वाळवण भट्टीइतके पूर्ण नसते, त्यामुळे ही चाचणी ढोबळच समजावी.

आकारांमध्ये झिगझॅग आणि इंग्रजी ‘I’ अक्षरासारखा आय हे एकमेकांत अडकणारे आकार गाडीच्या वाटेला चांगले. साधा २०० बाय १०० मिलिमीटरचा आयताकृती ब्लॉक घेतल्यास तो माशाच्या काट्यासारख्या तिरप्या, म्हणजे हेरिंगबोन रचनेत बसवावा. ब्रेक लावताना आणि चाक वळवताना पडणारा आडवा जोर ही रचना सर्वांत चांगला पेलते.

मालाचा हिशेब

२०० चौरस फुटांची जागा धरू. आयताकृती ब्लॉक एका चौरस मीटरला ५० लागतात, म्हणजे सुमारे ९३०; कापकाम आणि तूटफूट धरून ९८० मागवावेत. दाबून १५० मिलिमीटर म्हणजे सहा इंच जाडीचा पाया हवा असेल, तर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास माल भरतो. परंतु सैल माल दाबल्यावर बसतो, म्हणून सव्वा ब्रास सांगावा. ब्लॉकखालच्या रेतीला पाव ब्रासहून थोडी अधिक लागते.

पाया

खोदाईपूर्वी पाण्याची, सांडपाण्याची आणि महानगर गॅसची वाहिनी कोठून जाते हे सोसायटीच्या नकाशावरून निश्चित करावे. चेंबरची झाकणे ब्लॉकखाली गाडू नयेत. त्यांची चौकट नव्या पातळीला आणून घ्यावी.

६० मिलिमीटरचा ब्लॉक, ४० मिलिमीटर रेती आणि १५० मिलिमीटर पाया मिळून २५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे दहा इंच खोदाई होते. केवळ बसण्या-उठण्याच्या अंगणाला १०० मिलिमीटरचा पाया चालतो. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडे कठीण मुरूम लवकर लागतो आणि काम सोपे होते. खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत मात्र काळी चिकण माती निघते, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. अशा ठिकाणी आणखी १०० ते १५० मिलिमीटर खोल जाऊन तळाला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कृत्रिम धाग्यांचे कापड अंथरावे, नाहीतर खडी हळूहळू चिखलात रुतत जाते. हे कापड नको म्हणणारे कंत्राटदार बरेच भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ते स्वतः आणून ठेवावे.

पायासाठी नुसती एकाच मापाची खडी घेऊ नये. मोठ्या खडीपासून कचेपर्यंत सर्व मापांचा मिसळलेला माल ७५ ते १०० मिलिमीटरच्या थरांत पसरून, थोडे पाणी मारून, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने, म्हणजे कंप देणाऱ्या सपाट पत्र्याच्या यंत्राने, दाबावा. हे यंत्र भाड्याने मिळते. हाताच्या धुम्मसाने कोपरे दाबता येतात, संपूर्ण वाट नव्हे.

उतार पायातच काढायचा असतो. वरच्या रेतीची जाडी कमी-अधिक करून काढलेला उतार टिकत नाही. ठाणे-नवी मुंबई भागात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच, शिवाय मोठ्या भरतीच्या वेळी गटारेही तुंबतात. म्हणून दर तीन मीटरला ४५ ते ६० मिलिमीटर उतार घराच्या जोत्यापासून गटाराकडे ठेवावा आणि दोरी व लेव्हल पाइपने तो तपासावा. ब्लॉकची अंतिम पातळी जोत्याच्या किमान १५० मिलिमीटर खाली राहिली पाहिजे.

बसवणी

आधी कडा बांधाव्यात. कडेला कर्ब, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांची उभी कड नसेल, तर गाडीच्या भाराने ब्लॉक बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. कर्ब काँक्रीटमध्ये बसवून ते घट्ट झाल्यावर जाडसर, धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती, पसरावी आणि दोन पाइपांवर सरळ पट्टी ओढून ४० मिलिमीटरचा एकसारखा थर करावा. त्या थरावर पाय देऊ नये. बसवलेल्या ब्लॉकवर उभे राहून पुढे सरकावे. दोन ब्लॉकांमध्ये २ ते ४ मिलिमीटरची फट ठेवावी, कडेचे तुकडे कटरने कापावेत, मग कॉम्पॅक्टर फिरवून कोरडी बारीक रेती झाडूने फटींत भरावी आणि फटी भरेपर्यंत यंत्र पुन्हा पुन्हा फिरवावे.

फटींत सिमेंट भरण्याचा आग्रह अनेक गवंडी धरतात. तो मानू नये. सिमेंटच्या रेघा थोड्याच दिवसांत तडकतात, तडांतून शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि दुरुस्तीच्या वेळी ब्लॉक अखंड निघत नाही. ओल्या रेतीने फटी भरत नाहीत, म्हणून हे काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच काढावे. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी सोडावी.

देखभाल

महिन्याभराने आणि पहिल्या पावसाळ्यानंतर फटींतली रेती खाली गेलेली दिसते. ती पुन्हा भरावी. मुंग्या रेती उकरून काढतात, तिथेही हाच उपाय आहे; घुशींनी बीळ केले असेल, तर मात्र तेवढा भाग उघडून पाया पुन्हा दाबावा लागतो. शेवाळ ब्लीचिंग पावडरचे पाणी आणि ताठ ब्रश यांनी निघते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुताना तो तिरपा धरावा, सरळ मारल्यास फटी रिकाम्या होतात. फरशी धुण्याचे ॲसिड येथे वापरू नये, कारण ते सिमेंट खाते. नव्या ब्लॉकवर येणारी पांढरी पूड क्षारांची असते आणि काही महिन्यांत आपोआप ओसरते. इंजिन ऑइल सांडल्यास लगेच लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे आणि मग साबणाने घासावे.

एखादा भाग खचल्यास दोन स्क्रूड्रायव्हर फटीत घालून पहिला ब्लॉक सरळ वर काढावा. त्यानंतरचे हाताने निघतात. खाली कच भरून दाबावी, रेती पसरावी आणि तेच ब्लॉक परत बसवावेत. फुटलेल्या ब्लॉकसाठी त्याच खेपेतले पंचवीसेक ब्लॉक गच्चीवर राखून ठेवावेत, मात्र सावलीत नव्हे, उन्हापावसात. म्हणजे बदललेला ब्लॉक रंगाने उठून दिसणार नाही.