कापूस वेचणीच्या दिवसांत कृपेचा पाठ घ्यायचा तर

खानदेशात घरगुती प्रार्थनेत कृपेवर, म्हणजे लायकी नसताना देवाकडून फुकट मिळणाऱ्या दानावर बोलायचं असेल, तर बायबलमधलं मत्तय २०:१-१६ घ्या. त्या दाखल्यात द्राक्षमळ्याचा मालक पहाटे आलेल्या आणि संध्याकाळी पाच वाजता आलेल्या मजुरांना सारखीच मजुरी देतो. इथं वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे या मालकाचा हिशोब ऐकणाऱ्यांना खटकतो. तो खटकलाच पाहिजे.

बैठक जेवणं आटोपल्यावर, पाऊण तासाचीच ठेवा. माणसं दिवसभर वाकून आलेली असतात. वाचन मराठीतून करा, चर्चा अहिराणीत. नवापूरकडे मावचीत, धडगावकडे पावरीत.

उतारा दोनदा वाचा. दुसऱ्यांदा नवव्या वचनावर थांबा. पाच वाजता आलेल्याला एक दिनार, म्हणजे पुऱ्या दिवसाची मजुरी मिळाली. मग पहाटेपासून राबलेल्याला किती मिळेल, ते विचारा. बहुतेक जण जास्तच सांगतील. लगेच खोडू नका, कुरकुर होऊ द्या. मग तेरावं वचन दाखवा: ठरलेलं पहिल्यांनाही पुरतं मिळालं, कुणाचं काही बुडालं नाही. शेवटच्यांना मिळालं ते मालकाच्या उदारपणातून. आता रोमकरांस ४:४-५ वाचा. मजुरी हक्काची असते, कृपा नसते. देव अधर्म्याला विश्वासावरून नीतिमान ठरवतो.

इथं कुणीतरी म्हणतंच, "तासभर तरी राबले ना ते!" आक्षेप रास्त आहे, दाखला तिथपर्यंतच पोचतो. म्हणून लूक २३:३९-४३ वर खूण आधीच घालून ठेवा. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला ना बाप्तिस्मा घेता आला, ना दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) देता आला. तरी येशूनं त्याला "आजच" आपल्याबरोबर सुखलोकात असशील असं वचन दिलं.

पाठ बहुधा बिघडतो तो "आधी दारू सोड, मग ये" या वाक्यानं. त्यानं क्रमच उलटतो. रोमकरांस ५:८ प्रमाणे आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. दारू सुटायला हवीच, पण ती स्वीकारलेल्या माणसाची सुटते. म्हणून इफिसकरांस २:८-९ वर (तारण कृपेनं, कर्मांनी नव्हे) पुस्तक मिटू नका, दहावं वचनही वाचा. सत्कृत्यं तिथं येतात, तारणानंतर. ते गाळलं की पोरं विचारतात, मग पाप केलं तरी चालेल का? उत्तर रोमकरांस ६:१-२ मध्ये आहे: मुळीच नाही.

आजारपणामुळे प्रार्थनेला येऊ लागलेल्या घराशी वेगळं, निवांत बोला. बरं वाटलं तर अर्पण देऊ, हा सौदा त्यांच्या मनात असतो. त्यांच्या जुन्या नवसांची टिंगल करू नका. देवाला मोबदला द्यावा लागत नाही एवढंच सांगा, आणि त्या दिवशी अर्पणाची थैली फिरवू नका.