लाइक्स भरपूर, खोल्या रिकाम्या: होमस्टेच्या सोशल मीडियावरच्या या चुका टाळा

तारकर्ली-देवबागच्या रस्त्याला आता घरागणिक होमस्टेची पाटी दिसते आणि पाटीच्या कोपऱ्यात इन्स्टाग्रामचं नाव. रील्सही बऱ्या असतात. तरी डिसेंबरात एका घराच्या सगळ्या खोल्या भरलेल्या आणि शेजारी शुकशुकाट, असं सर्रास दिसतं. मालवणकडच्या काही घरगुती व्यवसायांची पेजेस सांभाळताना माझ्या लक्षात आलंय की घोडं पेंड खातं ते उत्तरांपाशी. रील बघून माणूस थांबतो खरा, पण ॲडव्हान्स पाठवण्याआधी त्याला साध्या गोष्टी हव्या असतात: दर काय, समुद्र किती लांब, जेवण घरचं का, कुडाळ स्टेशनवरून कसं यायचं, आजीला जिना चढावा लागेल का. हे कळलं नाही की तो पुढच्या पेजवर जातो. एवढं ध्यानात ठेवलं तर रोज तासन्‌तास फोनला चिकटून बसायचीही गरज उरत नाही.

"रेटसाठी डीएम करा"

पेजवर दर न लिहिता खासगी मेसेज (डीएम) करायला सांगणं, सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दर न लिहिण्याची दोन कारणं मालक देतात. एक, दर सीझनप्रमाणे बदलतो. दोन, शेजारी बघेल आणि शंभर रुपयांनी कमी लावेल. पहिलं खरं आहे, त्यावर उपाय आहे. दुसऱ्याचं म्हणाल तर शेजाऱ्याला तुमचा दर आधीच ठाऊक असतो, गावच तेवढं आहे.

तीन दर ठरवा: आडवारचा, शुक्रवार ते रविवारचा आणि नाताळ ते नववर्षाचा. ते प्रोफाइलवर हायलाइटमध्ये, म्हणजे कायम दिसणाऱ्या स्टोरीजमध्ये ठेवा. मग व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये एक क्विक रिप्लाय तयार करा. तिरकी रेघ आणि एक छोटा शब्द टाइप केला की पूर्ण मजकूर समोर येतो. तो साधारण असा असावा:

"नमस्कार. दोघांसाठी एसी खोली सोम ते गुरू २२००, शुक्र ते रवी २८००. चहा आणि न्याहरी (घावणे-चटणी किंवा आंबोळी-उसळ) त्यातच. जेवण वेगळं. माशांचा दर त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे, सकाळी कळवतो. किनारा पायी ६ मिनिटं, वाट माडांतून. गाडी अंगणापर्यंत येते. खोल्या तळमजल्यावर. कोणती तारीख आणि किती जण, सांगाल का?"

आकडे तुमचे तुम्ही घाला, पण माशांचं वाक्य गाळू नका. सुरमईचा भाव आठवड्यात कुठल्या कुठे जातो. गेल्या वर्षीच्या थाळीचा फोटो आणि त्यावरचा जुना दर पेजवर तसाच राहिला, की बिलाच्या वेळी वाद ठरलेला. शेवटचा प्रश्नही मुद्दाम आहे. नुसती माहिती दिली की समोरचा "ओके, थँक्स" म्हणतो आणि गप्प होतो. तारीख विचारली की बोलणं पुढे सरकतं. आणि "बीच टच" असं खोटं लिहू नका. सहा मिनिटांची वाट आवडीने चालणारी माणसं पुष्कळ आहेत, फसवलं गेल्याचं मात्र कुणालाच आवडत नाही.

एक जाता जाता. खोलीचे दहा फोटो टाकणारे लोक बाथरूमचा एकही टाकत नाहीत. कुटुंब घेऊन येणाऱ्याला आधी तोच बघायचा असतो.

उत्तर कोणी द्यायचं हेच ठरलेलं नाही

सकाळी न्याहरी, मग बाजार, मग दुपारची पंगत. या धबडग्यात काकू मेसेज बघणार कधी? म्हणून मुंबईतला मुलगा किंवा ठाण्यातली भाची मदतीला येते. व्हॉट्सॲपचं एक खातं मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर जोडता येतं, त्यामुळे ही सोय चांगली आहे. गोंधळ पुढे होतो: इकडे काकूंनी फोनवर शनिवारची खोली दिली, तिकडे भाचीने तीच खोली चॅटवर दिली. दोन गाड्या एकाच अंगणात येऊन उभ्या राहतात.

यावर फार मोठं सॉफ्टवेअर नको. एक सामायिक गूगल शीट पुरते, आणि एक नियम: ॲडव्हान्स जमा झाल्याशिवाय खोली गेली असं धरायचं नाही, जमा झाला की आधी शीटमध्ये नाव, मग पाहुण्याला "कन्फर्म". चॅटला "विचारणा", "ॲडव्हान्स बाकी", "पक्कं" अशी तीन लेबलं लावा. दुपारची जेवणं उरकल्यावर अर्धा तास आणि रात्री अर्धा तास उत्तरांसाठी ठेवा. मधल्या वेळेसाठी अवे मेसेज (आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर) लावा आणि त्यात वेळ स्पष्ट सांगा: "दुपारी ३ नंतर उत्तर देतो." आपल्याकडे दुर्लक्ष झालं नाही, एवढं माणसाला कळलं तरी तो थांबतो.

जुलैमध्ये निळं पाणी

पावसाळ्याच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक, जानेवारीतली स्कुबाची रील जुलैत पुन्हा टाकायची. पाहुणे येतात तेव्हा समुद्र खवळलेला, वॉटर स्पोर्ट्स बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीही बंद. मे अखेरीपासून साधारण ऑगस्ट अखेरपर्यंत हे बंदच असतं. यांत्रिक मासेमारीवरही १ जून ते ३१ जुलै बंदी असते, म्हणजे फोटोतली ताजी सुरमईही ताटात नाही. मग मिळतो एक स्टार, आणि तो वर्षभर नडतो. मे संपताना एक पोस्ट पिन करा: काय बंद आहे, काय चालू आहे. पावसातलं कोकण बघायला येणारा वर्ग वेगळा आहे आणि तो वाढतोय. त्याला भातलावणी, कुळथाची पिठी, रानभाज्या, पागोळ्यांचा आवाज दाखवा.

दुसरं टोक म्हणजे जून ते सप्टेंबर पेजला कुलूप. इथे रेल्वेचं गणित बघा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतल्या कोकणकन्या, मांडवी, तुतारीची तिकिटं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघणार, आणि १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. नेमक्या त्या दिवसांत घरात चाकरमानी, मखर, आरत्या, मोदक. पेजकडे बघायला कुणाला सवड? म्हणून दिवाळीच्या पोस्ट्स ऑगस्टमध्येच मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावून ठेवा. ते फुकट आहे, फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे एकदम चालतं. दर महिन्याला एक मोकळी दुपार काढून शूट करून ठेवलं तर "रोज एक रील"चा तगादा मागे लागत नाही. आणि प्रत्येक कॅप्शनमध्ये "येवा, कोकण आपलोच असा" लिहिलंच पाहिजे असं नाही. सगळेच लिहितात.

बूस्ट केलं, पैसे गेले, फोन आला नाही

आधी जागा तपासा. बूस्ट करताना, म्हणजे पैसे भरून पोस्टची जाहिरात करताना, भोवतालचा परिसर निवडला असेल तर तुमची जाहिरात मालवणातल्याच लोकांनी बघितली, म्हणजे तुमच्याच स्पर्धकांनी. पुणे, मुंबई, ठाणे, कोल्हापूर, बेळगाव अशी शहरं हाताने घाला. उद्देश "जास्त लाइक्स" नको, "मेसेज" निवडा. आणि वरची दराची बाजू पक्की होईपर्यंत जाहिरातीवर रुपया घालू नका.

रीलचा आवाजच गेला

बिझनेस खात्याला सिनेमातली गाजलेली गाणी वापरायची मुभा बहुधा नसते. ती गाणी खासगी वापरासाठी असतात, त्यामुळे आवाज बंद होतो किंवा रील काढली जाते. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या. त्यापेक्षा बरं म्हणजे स्वतःचा आवाज: तव्यावर घावणे पडताना होणारा चर्र, किंवा रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाची हाकाटी.

नकाशा पाहुण्याला भलत्याच वाडीत नेतो

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल नकाशावरची तुमच्या होमस्टेची नोंद, हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचा भाग. पिन अंगणाच्या फाटकावर हवी. वळणावरच्या खुणेचा, म्हणजे देऊळ, शाळा, दुकान असेल त्याचा फोटो घाला, कारण रात्री उशिरा येणाऱ्याला तोच उपयोगी पडतो. प्रोफाइल स्वतःच्या नावे क्लेम केलं नसेल तर तिथला फोन नंबर कुणीही "बदल सुचवून" फिरवू शकतो. महिन्यातून एकदा स्वतःचंच नाव शोधून नंबर ताडून पाहा.

पंचतारांकित रिव्ह्यूच्या बदल्यात सोलकढी फुकट, असलं काही करू नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि वाचणाऱ्याला वासही येतो. वाईट रिव्ह्यूला दोन ओळींत, न चिडता उत्तर द्या. नवा पाहुणा तक्रारीपेक्षा तुमचं उत्तर बारकाईने वाचतो.

फुकट राहायला आलेले इन्फ्लुएन्सर

सीझनमध्ये नको, आडवारी बोलवा. फुकट मुक्काम हाही मोबदलाच धरला जातो, तेव्हा पोस्टवर तसं लेबल लावायला सांगा. मूळ क्लिप्स मागून घ्या, पुढे वर्षभर वापरता येतात. ड्रोन आणणार असतील तर आधी विचारा. सिंधुदुर्ग किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, परवानगीशिवाय त्यावर ड्रोन उडवता येत नाही. शिवाय चिपीचा विमानतळ जवळ आहे, तेव्हा ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा बघायला सांगा.

खातं गेलं, पैसे गेले

पेज कुणीतरी ओळखीच्या मुलाने बनवून दिलेलं, पासवर्ड त्याच्याकडे, आणि तो आता पुण्याला नोकरीला. आजच स्वतःचा ईमेल आणि नंबर ॲडमिन म्हणून जोडून घ्या, टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय दुसरा कोडही मागणारी सोय) चालू करा. "कॉपीराइटचा भंग झाला, २४ तासांत खातं बंद होईल" असा मेसेज लिंकसह आला तर ती लिंक उघडू नका.

होमस्टेवाल्यांसाठी खास एक फसवणूक आहे. "मी आर्मीतून बोलतोय, पंधरा जणांचं बुकिंग आहे, पूर्ण ॲडव्हान्स देतो" असा फोन येतो, ओळखपत्राचा फोटोही येतो. मग क्यूआर कोड येतो: "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. हे घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा, अगदी शाळकरी नातवालाही. गेलेच पैसे, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम मधेच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.