कॅसेट कॉम्प्युटरवर घेण्याआधी: शूटिंगच्या तारखा जपण्याची तयारी

मिनीडीव्ही, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल कॅसेटवर चित्र आणि आवाजाखेरीज आणखी एक गोष्ट नोंदलेली असते. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल, तर प्रत्येक फ्रेमसोबत शूटिंगची तारीख आणि वेळ अगदी सेकंदापर्यंत टेपवर लिहिली जाते. ती एरवी पडद्यावर दिसत नाही, म्हणून ती नाहीच असं धरून लोक मिळेल त्या वायरीने कॅसेट कॉम्प्युटरवर घेतात. मग फाइलला आजची तारीख चिकटते आणि २००४ सालचं बारसं फोनमध्ये या महिन्याच्या व्हिडिओंत जाऊन बसतं. फाइलची तारीख मागाहून बदलता येते हो, पण कोणती घालायची हे ठाऊक असलं तर! म्हणून सगळी मेहनत पहिलं प्ले बटण दाबायच्या आधी करायची.

सुरुवात कॅसेटींपासून. सगळ्या एका जागी आणा आणि जातीप्रमाणे वेगळ्या करा. व्हीएचएस-सी, व्हिडिओ८ आणि हाय८ या ॲनालॉग. मिनीडीव्ही आणि डिजिटल८ या डिजिटल. गोची डिजिटल८ची आहे, कारण तो कॅमेरा साध्या हाय८ कॅसेटवरच डिजिटल रेकॉर्डिंग करतो. कॅसेटवर हाय८ छापलंय म्हणून ती ॲनालॉग ढिगात टाकू नका. घरात कोणता कॅमेरा होता ते आधी आठवा. प्रत्येक कॅसेटला नंबर द्या, आणि तो डबीवर नव्हे, कॅसेटवरच लिहा. डब्यांची अदलाबदल ठरलेली. लेबलवर जे काही खरडलेलं असेल, ‘ताईकडचे गणपती’ एवढंच का असेना, त्याचा फोटो काढून ठेवा. मग कॅसेटच्या कडेची छोटी खिटी ‘सेव्ह’कडे सरकवा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर चित्रही जातं आणि तारीखही. टेपच्या कडेवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नका. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट कपाटांत हे फार होतं. अशी कॅसेट आधी साफ करून घ्यावी लागते, नाहीतर ती हेड, म्हणजे कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग, खराब करते आणि पुढच्या कॅसेटींनाही तिचा प्रसाद मिळतो.

कॅमेऱ्याची जुनी बॅटरी बहुधा मेलेली असेल, तेव्हा अडॅप्टर शोधा. कॅमेरा प्लेच्या मोडवर ठेवून एक कॅसेट लावा आणि ‘डेटा कोड’ नावाचं बटण हुडका. सोनीच्या कॅमेऱ्यांत ते अंगावर, रिमोटवर किंवा मेन्यूत असतं. ते दाबलं की छोट्या पडद्यावर तारीख आणि वेळ उमटते आणि चित्राबरोबर सेकंद पुढे सरकू लागतात. हीच ती दडलेली नोंद. आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या, तर शूटिंगच्या वेळी घड्याळच लावलेलं नव्हतं, आणि त्या कॅसेटसाठी शोधकाम करावं लागणार. कॅमेऱ्याचं आजचं घड्याळ मात्र लावत बसू नका. प्ले करताना कॅसेटवर जे आहे तेच वाचलं जातं.

आता वायर. सगळा खेळ हिच्यावर आहे. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या एव्ही वायरीतून फक्त चित्र आणि आवाज येतो. तारीख कॅमेऱ्यातच राहते. मिनीडीव्ही कॅमेऱ्याचा यूएसबी पोर्ट बहुतेक मॉडेलांत मेमरी कार्डावरच्या फोटोंसाठी किंवा कमी दर्जाच्या चित्रासाठी असतो. टेपवरचा डेटा जसाच्या तसा, तारखेसकट, उतरवायचा तर फायरवायर नावाची वायर हवी. सोनी तिला आय-लिंक म्हणायची, कॅमेऱ्यावर कधी नुसतं ‘डीव्ही’ लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याकडे चार पिनांचं चिमुकलं तोंड असतं, कॉम्प्युटरकडे बहुधा सहा पिनांचं. ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारे ‘फायरवायर टू यूएसबी’ कनेक्टर घेऊ नका. त्यात नुसत्या तारा जोडलेल्या असतात आणि दोन्हींची भाषा वेगळी आहे. डेस्कटॉपमध्ये १३९४चं (हे फायरवायरचंच दुसरं नाव) पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसतं. मात्र विंडोज ८ पासून त्याचा जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर सोबत येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो. मॅकवर थंडरबोल्टची दोन अडॅप्टरं एकापुढे एक लावून काम होत असे, पण मॅकओएस २६ मध्ये ॲपलने फायरवायरचा आधारच काढून टाकलाय. तेव्हा जुना मॅक अपडेट करण्याआधी थांबा. माझं ऐकाल तर माळ्यावरचा विंडोज एक्सपी किंवा ७चा लॅपटॉप भंगारवाल्याला देण्याआधी त्याच्या कडा नीट बघा. त्यातल्या बऱ्याच लॅपटॉपांना चार पिनांचं हे तोंड आयतंच असतं. वायर जोडताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा, कारण सहा पिनांच्या तोंडातून वीजही वाहते आणि कॅमेऱ्याचा पोर्ट जळू शकतो.

जागेचा हिशेब सोपा आहे: तासाला साधारण १३ जीबी. वीस कॅसेटी असतील तर २६० जीबी, शिवाय तेवढीच दुसऱ्या प्रतीला. एक्स्टर्नल डिस्क एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटची असेल तर ४ जीबीवरची फाइल तिच्यावर मावत नाही, म्हणून ती एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

सॉफ्टवेअर असं निवडा, जे डीव्ही डेटा न बदलता उतरवतं आणि त्यातली तारीख वाचतं. विंडोजवर विनडीव्ही हे छोटंसं फुकट सॉफ्टवेअर दोन्ही करतं, लिनक्सवर डीव्हीग्रॅब. दोन्हींत टेपवरची तारीख-वेळ फाइलच्या नावात घालायची सोय आहे. टेपवरचं घड्याळ मध्येच उडी मारेल तिथे नवी फाइल सुरू करायची सोयही आहे. ती चालू ठेवा, म्हणजे एका कॅसेटमधली मुंज, सहल आणि दिवाळी आपोआप वेगळी होतात. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवा. फाइली आपसूक कालक्रमाने लागतात. पूर्ण कॅसेट लावण्याआधी दोन मिनिटं उतरवून बघा आणि फाइलचं नाव डेटा कोडशी ताडून पाहा. आणि थेट एमपी४ करू नका. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून नवीन फाइल बाहेर पडली की फ्रेमसोबतच्या तारखा संपल्या. आधी मूळ डीव्ही फाइल, मग पाहिजे तेवढ्या कापाकापी.

नोंद मिळाली म्हणजे ती खरी असं नाही. घड्याळच चुकीचं लावलेलं असू शकतं, आणि ते पकडायला मराठी घरात साधनांची कमी नाही. गणेश चतुर्थी २००३ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २००४ मध्ये १८ सप्टेंबरला, २००५ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २००६ मध्ये २७ ऑगस्टला. प्राणप्रतिष्ठेच्या शूटिंगवर १७ सप्टेंबर २००४ दिसत असेल तर घड्याळ एक दिवस मागे आहे. मग कोणी पुन्हा घड्याळ लावेपर्यंतच्या सगळ्या शूटिंगला एक दिवस वाढवायचा. लग्नपत्रिका, मुंजीची पत्रिका, जुनी दिनदर्शिका, शाळेची प्रगतिपुस्तकं हाताशी ठेवा. दुपारची पंगत चाललीय आणि वेळ रात्री साडेबाराची, असं असेल तर एएम-पीएमची गल्लत आहे. अमेरिकेहून कोणी आणलेला कॅमेरा असेल तर त्याचं घड्याळ तिकडच्या वेळेवर राहिलेलं असू शकतं, आणि डेटा कोडमध्ये महिना आधी, दिवस नंतर दिसू शकतो. तो कॅमेरा एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीचा असतो, म्हणजे ५७६ ऐवजी ४८० ओळींचा. त्याच्या कॅसेटी वेगळ्या ठेवा. हे सगळं एका वहीत लिहा: कॅसेट नंबर, टेपवरची तारीख, खरी तारीख, कशावरून ठरवली.

नातेवाइकांना पाठवायला एमपी४ प्रती कराल तेव्हा त्यांच्यात तारीख हाताने घालावी लागते. एक्झिफटूल नावाचं सॉफ्टवेअर हे काम फुकटात करतं. इथे एक खोच आहे. एमपी४मध्ये वेळ ग्रीनिचची धरली जाते, आपली नव्हे. १८ सप्टेंबरची रात्री आठची आरती तुम्ही सरळ आठ म्हणून घातलीत, तर फोन त्यात साडेपाच तास मिळवतो आणि आरती १९ तारखेच्या पहाटे दीडला दिसते. म्हणून दुपारी अडीच घाला, किंवा एक्झिफटूलला ‘क्विकटाइम यूटीसी’चा पर्याय देऊन ते गणित त्याच्यावर सोपवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हिडिओतून मूळ तारखेची माहिती गळते, तेव्हा तारीख फाइलच्या नावातही असू द्या आणि फाइल ड्राइव्हच्या लिंकने पाठवा.

ॲनालॉग कॅसेटींत बहुतेक वेळा अशी दडलेली नोंद नसते. शूटिंगच्या वेळी तारखेचं बटण दाबलं असेल तर ती चित्रातच कोपऱ्यात छापलेली असते, तेवढीच मिळकत. ती अनेकदा पहिल्या काही सेकंदांतच दिसते, म्हणून सुरुवातीचा भाग कापू नका. कार्ड किंवा हार्डडिस्कवाल्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांचं सोपं आहे. नुसत्या एमटीएस (व्हिडिओच्या) फाइली न उचलता पूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. तारीख फाइलच्या आतच असते आणि एक्झिफटूल ती वाचतं.

हे सगळं स्वतः करायचं नसेल आणि स्टुडिओत द्यायचं असेल, तर कॅसेटी काउंटरवर ठेवण्याआधी विचारा: फायरवायरने घेता की एव्ही वायरीने? मूळ डीव्ही फाइली देणार की डीव्हीडी? ‘डीव्हीडीच देतो, क्वालिटी तीच असते’ असं उत्तर आलं तर कॅसेटी परत पिशवीत घाला. फायरवायरने घेतो आणि मूळ फाइली देतो म्हणाले, तरी आधी एकच कॅसेट द्या, त्या फाइलमधली तारीख घरी तपासा, आणि मग बाकीच्या न्या.